डागमास्तर

गल्लीत त्याला सगळे डागमास्तर म्हणत. स्टुडिओत आलेल्याचे तीळ, वण, मुरुमांचे खड्डे फोटोतून तो असे साफ करायचा की सख्ख्या आईनेही दोनदा निरखून बघावं. या कसबाचा त्याला भारी तोरा होता. त्या दिवशी तो पार उतरला.

त्याची थोरली बहीण, ताई, मातीची भांडी घडवायची. एका मोठ्या प्रदर्शनात जागा मिळावी म्हणून ती वर्षानुवर्षं झुरत होती. यंदा फोटो पाठवले. काढले अर्थात भावानेच. दुपारी तिकडून फोन आला, "ही तर साच्यातली भांडी दिसतात. हातची असतील तर संध्याकाळपर्यंत नवे फोटो पाठवा. नाहीतर नाव वगळतो."

सुरई कापडात गुंडाळून ताई थेट स्टुडिओत येऊन उभी राहिली.

"माझा अंगठा कुठे गेला?"

प्रत्येक भांड्याच्या बुडाशी ती ओल्या मातीत अंगठा दाबायची. तीच तिची सही. मास्तरांनी तो डाग समजून पुसला होता! चाकावर घडवताना उमटलेल्या बोटांच्या रेघाही गुळगुळीत करून टाकल्या होत्या.

"अगं ताई, मला वाटलं..."

"तुला वाटतं आणि माझं वाटोळं होतं. काढ आता."

त्याने घाईघाईने दोन्ही मोठे दिवे समोरून लावले, महागडी लेन्स चढवली. सुरईच्या झिलईवर दोन पांढरे ठिपके डोळे वटारून बसले. फ्लॅश मारून पाहिला, तर सुरई ताटासारखी चपटी. बाहेर उन्हं कलली. ताई सारखी घड्याळाकडे बघत होती, आणि ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त झोंबत होतं.

शेवटी वैतागून त्याने एक सोडून सगळे दिवे बंद केले. तो एक सुरईच्या बाजूला नेला, पुढे ट्रेसिंग पेपर ताणला, पलीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवला. बाजूच्या उजेडात रेघ न् रेघ उठून आली. बुडाशी अंगठा, नखाच्या कडेसकट. फोटो जसेच्या तसे पाठवले आणि दोघं फोनकडे बघत बसली.

फोन वाजला. निवड झाली होती. घडवणारीचा फोटो तेवढा लगेच हवा होता.

ताई स्टुलावर बसली. तिच्या डाव्या गालावर भट्टीने भाजल्याचा वण होता. लग्नासाठी द्यायच्या फोटोतून भावाने तो एकदा पुसला होता. फोटो बघून भेटायला आलेला मुलगा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि काम आठवलं म्हणून उठून गेला. त्याबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

भावाचा हात सवयीने समोरच्या दिव्याकडे गेला. समोरून उजेड टाकला की वण निम्मा विरतो, हे त्याला पाठ होतं.

"तो नको. मगाचाच लाव," ताई म्हणाली आणि तिने डावा गाल त्या दिव्याकडे वळवला. "आणि नंतर बोटं आवर."

भावाचे डोळे असे भरून आले की फोकस काही जमेना. ताई हलली नाही. गाल उजेडात धरून ती तशीच बसून राहिली.