उकिडवं न बसणारं घर

फत्तेसिंगरावांच्या घरात पुरुषमाणसानं उकिडवं बसायचं नाही. पणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते. त्यांची तलवार कुणीतरी कधीच मोडीत घातली, पण हा नेम तेवढा उरला. जमिनीवरचं काही उचलायचं तर पाय ताठ ठेवून कमरेत वाकायचं, अन् एका हिसक्यात उभं राहायचं. पोरगं उकिडवं बसलं की बाप पाठीत लाथ घालायचा.

म्हैसुरातल्या मेटगळ्ळीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी लोखंडाचे ओतीव तुकडे असेच उचलून लेथवर चढवले. मधे एक साहेब येऊन गुडघे मोडून ओझं कसं उचलावं ते दाखवून गेला. फत्तेसिंगराव मागून म्हणाले, "आमच्यात असं नुसतं परसाकडला बसतात." सगळं खातं हसलं.

एकावन्नाव्या वर्षी न्हाणीत बादली उचलताना कंबर धरली, ती धरलीच. मणक्यातली चकती सरकलेली. नोकरी सुटली. आता पँटसुद्धा सुमित्राबाई चढवतात.

"फौजेतली माणसं की हो तुम्ही," त्या म्हणतात. "पाय उचला."

यंदा रक्षित, त्यांचा मुलगा, त्याच कारखान्यात त्याच कामावर लागला. रविवारी बोगादीच्या घरी पंचवीस किलो तांदळाचं पोतं आलं. रक्षित ताठ पायांनी वाकला अन् पोतं पोटाशी घेतलं.

"ठेव ते खाली," पलंगावरून फत्तेसिंगराव म्हणाले. "गुडघ्यात वाकून उचल."

रक्षितनं पोतं ठेवलं. "तसं उचललं म्हणूनच मारलात की अप्पा. आयुधपूजेला, सगळ्यांपुढं. अकरा वर्षांचा होतो मी."

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"आता कळालं? बेन्नु मोडल्यावर?" पाठीला तो कन्नडच शब्द वापरायचा. "मला काय दुखत नाही. सुम्ने, उगी गप्प बसा."

फत्तेसिंगराव गप्प बसले नाहीत. पलंगाचा कठडा धरून उठले. "बघ इकडं. असं," म्हणत जन्मात पहिल्यांदा पोराच्या डोळ्यांदेखत गुडघे मोडू लागले. अर्ध्यावर कमरेतून अशी कळ गेली की हात सुटला. फरशीवर चार पायांवर आले. उठता येईना, पडताही येईना.

"अहो, कुणी सांगितलं होतं हे?" सुमित्राबाई चुलीवरचं टाकून धावल्या. "रक्षित, धर रे."

रक्षित आला. पाय ताठ. कमरेत वाकला, बापाच्या काखांत हात घातले.

"गुडघे," फत्तेसिंगराव फरशीकडं बघत म्हणाले. "आधी गुडघे मोड."

रक्षितनं एका हिसक्यात बहात्तर किलो उचललं अन् पलंगावर बसवलं. कंबर झाडून उभा राहिला.

"बघा. काय झालं का मला?"

काही झालं नव्हतं. त्यांनाही सव्वीस वर्षं काही झालं नव्हतं.

सुमित्राबाईंनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला. "अगदी बापावर गेलाय," त्या म्हणाल्या. "ते पोतं तेवढं आत आण."