जिव्याची बांधलेली छाती

उखळातले भात निम्मेच सडून झाले होते. मुसळ वर उचलताना चैती श्वास आत घ्यायची आणि खाली आणताना तिच्या तोंडून 'हुं' असा हुंकार निघायचा. साखरशेत पाड्यातली प्रत्येक बाई असेच भात सडते. पण हा हुंकार का निघतो, तो गिळला तर हातातले बळ निम्मे का होते, असले विचार करणारी त्या पाड्यात ती एकटीच.

तेवढ्यात कुडापाशी माघ्या येऊन उभा राहिला. जामसरहून पळत आला होता. तोंड उघडे, शब्द काही फुटेना.

"आधी दम खा," चैती म्हणाली, "मंग सांग."

"जिव्या... माझा भाऊस... ताडावरून पडला. पाच दिस झाले. बरगडी मोडली. आता त्याला वारा पुरत नाय, बाय."

जिव्या कोण हे तिला सांगावे लागले नाही. शके अठराशे तेहतीसच्या त्या कार्तिकात आसपासच्या पाड्यांवर तारपा वाजवणारे पुष्कळ होते, पण जिव्यासारखा नव्हता. तारपा म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याचे लांब वाद्य. त्याच्या तोंडाला ताडाच्या पानांचा कर्णा. जिव्या फुंकायला लागला की सूर तुटायचाच नाही. गाल फुगवून नाकाने वारा घ्यायचा आणि त्याच वेळी गालातला वारा भोपळ्यात लोटायचा. त्या कर्ण्यासाठीच नवी पाने काढायला तो ताडावर चढला होता.

चैतीने मुसळ भिंतीला टेकवले. ओट्यावर नवरा फागू दोर वळत बसला होता, त्याला म्हणाली, "उखळावर टोपली झाका. कोंबड्या येतील."

"चालली हाडं जोडायला," फागू म्हणाला. "आणि जेवायचा काय, कोंडा?"

"भाकर शिंक्यात आहे," म्हणत ती निघालीसुद्धा.

हाडांचे वेड तिला लहानपणापासूनचे. गावाबाहेर मेलेली ढोरे टाकत, तिथे दोन दिवसांत गिधाडे सगळे साफ करून जात. बाकीच्या पोरी खापराच्या चुली मांडून खेळायच्या आणि ही शेळ्या चारता चारता ती पांढरी हाडे गोळा करून परत बैल मांडायची. मणका मणक्याला, खुबा वाटीला. आईने त्यापायी तिला बडवले, आंघोळीशिवाय घरात घेतले नाही. पण तुका नावाच्या म्हाताऱ्या हाडवैद्याने एकदा तिचा मांडलेला बैल पाहिला. त्याच्याभोवती एक फेरी मारली, एक मणका उलटा होता तो काठीने सरळ केला आणि म्हणाला, "उद्यापासून माझ्याबरोबर ये."

त्याच वर्षी हिरवा देवाला बकरा कापला, तेव्हा तिने एक गोष्ट केली. बकऱ्याच्या श्वासनळीत देवनळाची पोकळ कांडी घातली आणि फुंकली. मुठीएवढे वाटणारे ते लालसर फुफ्फुस फुलले, फुलत गेले, सुपाएवढे झाले. ती फुंकायची थांबली तसे त्याने घेतलेला सगळा वारा हळूहळू आपणहून परत दिला, तिच्याच तोंडावर. पोर ते फुफ्फुस हातात धरून उभीच राहिली. म्हाताऱ्याने हाक मारली तरी तिला ऐकू गेले नाही.

पुढे लग्न झाल्यावर तिने बरगड्या मोजल्या त्या फागूच्या. उन्हात उघडा निजलेला, अंगाने कृश, एकेक बरगडी बोटाखाली येणारी. बारा एका बाजूला, बारा दुसऱ्या. खालच्या दोन पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत, नुसत्या मांसात टेकलेल्या.

"काय करतीस गं?" तो दचकून उठला. "बकरा समजली का मला?"

"बकऱ्याला तेरा असतात," ती म्हणाली. "तुम्हाला एक कमी आहे."

महिनाभर फागू ज्याला त्याला सांगत होता, की बायकोने मला बकऱ्याहून एक घर खाली बसवले. पण चैतीचे आश्चर्य काही सरेना. राजवाड्यातल्या राजाला बारा, मोखाड्याच्या मजुरालाही बारा. मोजून देणाऱ्या देवाचा हात कुठेही चुकला नाही.

दुपार कलायच्या आत ती जामसरला पोचली. दारात जिव्याची आई रामी उभी होती. आत पेंढ्यावर जिव्या उताणा पडला होता. डोळे खोल, ओठ जांभळाच्या सालीसारखे, अंग तव्यासारखे तापलेले. श्वास घ्यायचा तो नुसता गळ्यापर्यंत, कुत्रा धापतो तसा. आणि छातीभोवती बांबूच्या आठ कामट्या, वरून दोराचे वेढे, इतके घट्ट की मधले मांस वर फुगून आले होते. फटींत मेणसुद्धा भरलेले.

"हा कुणी केला?" चैतीने विचारले.

"मीच," माघ्या म्हणाला. आवाजात थोडी फुशारकी होती. "तारप्याचा भोपळा तडकला का आमी असाच करतो. कामटी बांधायची, मेण भरायचा, मंग वारा गळत नाय. जिव्यानंच शिकवला मला. याच्या कुशीतनं वारा गळत होता, बाय. आमी रोज आवळत गेलो."

चैतीने एका कामटीखाली बोट घालून पाहिले, बोट शिरेना. चुकीला हसावे तर त्यात भावाची माया होती. रोज वारा कमी पडायचा, रोज गाठ आणखी आवळली जायची.

"माघ्या, भोपळ्यात वारा कोण भरतो?"

"वाजवणारा."

"आणि जिव्यात कोण भरतो?"

माघ्याने आईकडे पाहिले, आईने पोराकडे.

"कुणी भरत नाय," चैती म्हणाली. "बाहेर कोण उभा राहून फुंकत नाय याला. छाती मोठी होते, आत जागा होते, मंग वारा आपणहून शिरतो. बरगड्या हलल्या नाय तर जागा कुठून व्हायची? सोडा हे."

रामी आडवी आली. "खबरदार! हात बांधतात, पाय बांधतात, मंग बरगडी काय वेगळी? सोडलास आणि हाड आत घुसला तर? माझा पोर गेला, तर चैते, तुला तुझ्या हाडांसकट पुरीन."

हाड आत घुसेल ही भीती चैतीलाही होतीच. तुक्याने तिला हात-पाय शिकवले होते. छाती मात्र तिने स्वतःच बकऱ्यावरून आणि फागूवरून ताडलेली. पण जिव्याचे ओठ तिच्यासमोर होते. ती म्हणाली, "बरा. याला नको सोडू. माघ्या, तू इकडे ये."

तिने दोर मागून घेतला आणि माघ्याच्या छातीला बगलेपासून कमरेपर्यंत सात वेढे घातले, गुडघा टेकवून आवळले. जिव्याचा जुना तारपा त्याच्या हाती दिला.

"वाजव."

माघ्याने गाल फुगवले. एक 'पीं' निघाली, कोंबडीच्या पिल्लाची असावी तशी, आणि विझली. दाराशी जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. "अगं, अंडा घालतो का काय बघ!" एक म्हणाली. माघ्याने परत जोर केला. मानेच्या शिरा दोरीसारख्या उठल्या, खांदे कानाला लागले, डोळे पांढरे झाले. सूर नाही तो नाहीच. मग तो घाबरला. दोराखाली नखे घालून ओरडायला लागला, पण ओरडायलाही आत वारा नव्हता.

हसणे थांबले. रामीने मुलाचे ते तोंड पाहिले आणि वळून दुसऱ्या मुलाचे पाहिले. मग तिनेच कोयता आणून चैतीपुढे ठेवला.

आधी माघ्या सुटला. जिव्याचा एकेक वेढा मात्र चैतीने हळू कापला. शेवटची कामटी निघाली तसा तो कळवळून ओरडला. ओरडला म्हणजे वारा आहे, एवढेच तिने मनात धरले. पेंढ्याचा भारा पाठीशी लावून तिने त्याला अर्धवट बसवले, घडी केलेली गोधडी दुखऱ्या कुशीवर धरली आणि दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांवर ठेवले.

"घे. दुखेल, तरी घे."

त्याने घेतला. तिच्या तळव्याखाली बरगड्या उचलल्या गेल्या, बादलीची आडवी पडलेली कडी दोन्ही बाजूंनी उचलावी तशा, बाहेर आणि वर. पोट पुढे आले. म्हणजे आतला तो मांसाचा पडदा, बकऱ्यात तिने पाहिलेला, छाती आणि पोट यांच्या मधला, खाली उतरला होता. दोन बरगड्यांमधल्या मांसाचे धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांवर तिरपे असतात. ते ताणत होते, सैल पडत होते. मोडलेल्या जागी बारीकसे कुरकुरले. पण मोडलेली बरगडीसुद्धा बाकी अकरांबरोबर उठली, त्यांच्याबरोबर बसली.

चैतीच्या अंगावर काटा आला. हे कुणी शिकवले हाडाला? माणूस निजला तरी थांबत नाही, विसरला तरी थांबत नाही. आईच्या पोटात एकही श्वास न घेतलेले मूल बाहेर येते आणि पहिल्या रडण्यालाच चोविसाच्या चोवीस बरगड्या उचलते. एवढे मोठे काम देवाने माणसाच्या आठवणीवर सोपवले नाही, हे केवढे उपकार! तिचे हात आपोआप जुळले असते, पण ते जिव्याच्या कुशीवर होते.

त्यानंतर तीन दिवस ती तिथेच राहिली. दर घटकेला गोधडी दाबून खोकायला लावायची. तो शिव्या द्यायचा, ती म्हणायची, "जोरात दे, वारा लागतो शिवीला." पाण्याच्या गाडग्यात देवनळाची कांडी घालून त्याला बुडबुडे काढायला लावी. पहिल्या दिवशी तीन बुडबुडे आले आणि तो रडला. दुसऱ्या दिवशी ताप तसाच होता. रामी चुलीपाशी चैतीकडे पाठ करून बसलेली. चैतीने भाकरी तोडली आणि तशीच ठेवून ती पुन्हा जिव्याच्या कुशीवर गोधडी धरायला बसली.

तिसऱ्या पहाटे जिव्या लांब खोकला आणि गंजासारखा तांबूस कफ पडला. मग आणखी. उन्हे दारात आली तोवर त्याला दरदरून घाम फुटला होता. त्याने आपणहून कांडी मागितली. गाडग्यात बुडबुडे उठू लागले, एकामागून एक, आणि थांबेचनात. नाकाने घेत होता, गालाने देत होता, तारप्यावर घ्यायचा तसा. रामी हातातले उलथने घेऊन जवळ आली आणि वाकून बघत राहिली. ओठांचा जांभळा रंग उतरून खालचा लाल दिसू लागला होता.

"तारपा कधी?" जिव्याने विचारले.

"दीड महिना नाय. त्याआधी हात लावलास तर मीच बांधीन."

रामीने वाकून चैतीचे दोन्ही तळवे आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि कपाळाला लावले.

चैतीने पदर खोचला. तिला आता वांगणीला जायचे होते. तिथल्या बायडी नावाच्या बाईच्या, आता जुळून आलेल्या मनगटाच्या कामट्या आज सोडायच्या होत्या.