पडद्याच्या पुढची रांग

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेसुद्धा नाही — आणि माझी बायको अशी, की जिन्यात वाजणाऱ्या माझ्या चपलांवरून तिला कळतं, या खेपेला दुकानात काहीतरी बिनसलंय. पण हे तिला कळलं नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, माझ्याबद्दल तुमचं बरं मत असेल, तर ते तसंही चुकीचंच आहे.

परवाच्या रविवारी जावई आले होते. साताऱ्याला एमआयडीसीतल्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, मुलगा सरळ आहे. जेवताना मला म्हणाले, “मामा, कंपनी हैदराबादला पाठवतेय. तासा-सव्वा तासाचं विमान. बिझनेस क्लास घ्यावा का हो? थोडे पैसे मला भरावे लागतील. तुम्ही तर नेहमी जाता — परवडतं का ते?”

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत मी म्हणजे या विषयातला तज्ज्ञ! मग काय, मी सुरू झालो. पाय पसरायला जागा मिळते. रांगेत उभं राहावं लागत नाही. सामान लवकर येतं. माणसं चांगली भेटतात. बायको कौतुकानं वाढत होती. आणि मी एकीकडे बोलत होतो नि दुसरीकडे मनात म्हणत होतो, थापाड्या, सांग की खरं.

खरं काय, ते ऐका.

सव्वा तासात पाय पसरून करायचं काय? पाठ टेकतोय तोवर पट्टा बांधायची सूचना येते. सीट रुंद असते, मान्य, पण माझं बूड काही तेवढं वाढलेलं नाही. एक बाई येते आणि चिमट्यानं गरम टॉवेल देते. मग आम्ही बारा जण — चांगले पोट सुटलेले बाप्ये — लहान पोरासारखे तोंड पुसत बसतो. काचेच्या वाटीत मोजून काजू. चिनी मातीच्या ताटलीत पनीरचा तिकोनी तुकडा, सोबत काटा आणि सुरी. तो तुकडा सुरीनं कापताना प्रत्येक जण कडेनं बघत असतो, शेजारचा सुरी कुठल्या हातात धरतोय. ही ती चांगली माणसं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडदा. हातभर कापड. विमान वर गेलं की आमच्या आणि मागच्यांच्या मधे ते सरकन ओढतात. जादा पैसे जातात ते त्या पडद्याचे. विमान तेच, हवेतल्या खड्ड्यांचे धक्के तेच, उतरायचं पुण्यातच. फक्त मागची माणसं दिसत नाहीत. त्या कापडासाठी मी तिप्पट भाडं भरत होतो. आणि एकदा त्याचा पुरेपूर वापरही केला.

मी आटपाडीकडचा. बाप मेंढरं राखायचा. आमच्याकडची निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात जातात — म्हणजे देशभर कुठल्या तरी शहराच्या सराफ बाजारात एक खोली घ्यायची, जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. मी बारावीला आपटलो आणि अठराव्या वर्षी नामाअण्णाकडे गेलो. अण्णा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी थोरला. वरंगळला त्याची एवढीशी खोली होती. दिवसा भट्टी, रात्री तिथंच अंथरूण. तेजाबात काम करून गलाईवाल्याची बोटं पिवळी पडतात, कितीही घासा, जात नाहीत. अण्णाची दहाही बोटं पिवळी.

दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून मूस सांडली. वितळलेलं सोनं फरशीवर. ज्याचा माल होता तो शेट समोरच उभा होता, त्यानं माझी गचांडी धरली. चोर म्हणाला, पोलिसांत देतो म्हणाला. अण्णा मधे आला. म्हणाला, “चुकलं माजं, शेट. माज्या हातनं सांडलं. त्याला सोडा.” शेटनं अण्णाच्या कानाखाली आवाज काढला. अण्णानं मार खाल्ला. मग आठवडाभर आम्ही दोघांनी खोलीतली धूळ झाडून, जाळून, गाळून शेटचं सोनं कणाकणानं गोळा करून दिलं. त्या आठवड्यात अण्णा मला एका शब्दानं बोलला नाही. नंतरही कधी कुणाला सांगितलं नाही.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जत्रेला गावी निघालो, की वाटेत भाकरी एकट्यानं सोडायची नाही. रेल्वेत एखादा कुठल्याही डब्यात असो, जेवायची वेळ झाली की उठायचं, डबे धुंडाळायचे. आपल्याकडचा कोण दिसला की त्याला ओढून आणायचं, नाहीतर त्याच्याच बाकावर जाऊन फडकं सोडायचं. ओळख असो नसो. अण्णा तर असा, की माणूस सापडेपर्यंत उपाशी बसायचा. एकदा आम्हाला कोणीच भेटलं नाही, तर तिकीट तपासणाऱ्यालाच त्यानं बळंबळं बसवून घेतलं होतं.

पुढं मी हैदराबादला स्वतःचं दुकान टाकलं. चाललं. हाताखाली माणसं आली, माझी बोटं गोरी झाली. अण्णा वरंगळातच राहिला, त्याच खोलीत. मी सांगलीत बंगला बांधला आणि विमानानं जाऊ-येऊ लागलो — पुढच्या रांगेत.

सहा वर्षांमागं जत्रेसाठी निघालो होतो. माझ्या शेजारी पुण्याच्या एका मोठ्या पेढीचा मालक. रेशमी सदरा, बोटांत अंगठ्या. त्याचं काम मला मिळालं असतं तर — जाऊ दे. त्यानं विचारलं, तुम्ही काय करता? आणि मी म्हणालो, आमची सांगलीला चार पिढ्यांची सराफी पेढी आहे. चार पिढ्या! माझ्या आजाला सोनं दाखवलं असतं तर त्यानं ते मेंढराच्या गळ्यात बांधलं असतं.

मग मागची माणसं चढायला लागली. आम्हाला आधीच बसवून ठेवतात ना, मग बाकीचे आमच्या अंगावरून आत जातात. त्यात अण्णा दिसला. पांढरा लेंगा, टोपी, खांद्यावर घोंगडं, छातीशी फडक्यात बांधलेली भाकरी. पहिल्यांदाच विमानात बसत असणार, पोरानं तिकीट काढून दिलं असणार. हातातला कागद डोळ्यांजवळ धरून सीटचा आकडा शोधत येत होता.

मी त्या वेळी त्याला ओळखलं नाही.

खोटं. बघा, इथंही जीभ वळली. ओळखलं. दारात त्याची नुसती टोपी दिसली तेव्हाच ओळखलं, आणि समोरचं वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. तो एवढ्या जवळून गेला की घोंगडं माझ्या कोपराला घासलं. मी वाचत राहिलो. काय वाचत होतो? शेअर बाजार. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

विमान वर गेलं. पडदा ओढला. मला हायसं वाटलं — शरम नाही वाटली, हायसं वाटलं, हेही सांगून ठेवतो. ताटल्या आल्या. मी पनीर कापत होतो आणि शेजारच्याला आमच्या पणजोबांच्या सचोटीबद्दल सांगत होतो, तेवढ्यात लसणाच्या चटणीचा वास आला.

मान वर केली तर पडदा बाजूला सारून अण्णा उभा. हातात सोडलेलं फडकं, बाजरीच्या भाकरी, पिवळी बोटं. तोंडभर हसत होता. त्यानं मला चढतानाच पाहिलं होतं तर. मग त्याला वाटलं असेल, संपा वाचतोय, वाचू दे, जेवताना जाऊ. “संपा, लेका हितं बसलास व्हय! मी मागं आन् तू म्होरं! सर की जरा, तू इमानात असशील म्हून तुज्या वैनीनं जादा बांधल्यात.”

विमानात असं कोण करतं? आमचेच लोक करतात. त्याच्या हिशेबी हा पुढचा डबा होता, एवढंच.

बाई धावत आली. शेजारच्यानं नाकाला रुमाल लावला आणि माझ्याकडे पाहिलं. बाईनं इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?

किती वेळ लागला मला? तुम्हाला वाटेल, क्षणभर अडखळलो असेन. काही नाही. लगेच म्हणालो. “नो. आय डोन्ट नो हिम.”

इंग्रजीत बोललो, म्हणजे अण्णाला कळणार नाही — एवढी हुशारी मात्र सुचली. पण ‘नो’ न कळणारा माणूस आता देशात उरलाय का?

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, चारचौघांत माझं थोबाड फोडलं असतं तर त्याहून बरं. त्यानं फडक्याची टोकं आत घेतली आणि त्या बाईला म्हणाला, “चुकलं माजं, बाई. गावाकडच्या माणसावानी दिसला.” आणि मागं गेला. बाईनं पडदा ओढला आणि माझी माफी मागितली. माझी!

तेच शब्द. चुकलं माजं. शेटपुढे म्हणाला होता तेच, तसेच.

पुण्यात आम्हाला आधी उतरवतात. पेढीच्या मालकाला मी माझं कार्ड दिलं होतं. उठताना पाहिलं, ते त्यानं समोरच्या खिशात टाकून दिलं होतं, तोंड पुसलेल्या कागदाबरोबर. माझ्या चार पिढ्या तिथंच राहिल्या. आणि मी? दार उघडल्याबरोबर पळालो. अण्णाला सामान कुठं मिळतं ते माहीत असेल का, बाहेर कसं पडायचं ते कळेल का, एवढंही मनात आलं नाही. टॅक्सीत बसल्यावर एकच विचार होता — हा आता गावात सांगणार.

दुसऱ्या दिवशी जत्रेत देवळामागच्या लिंबाखाली सगळा भाऊबंद बसला होता. अण्णाही होता. मी पाय ओढत गेलो. वाटलं, आता माझी लाज निघणार. अण्णानं वर पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “आलास व्हय संपा? कवा आलास? कशानं आलास?”

त्यानं मला वाट काढून दिली होती. नाहीतर दार उघडून दिलं होतं, मी खरं बोलावं म्हणून. दोन्हींपैकी काय, ते मी कधी विचारलं नाही. दार होतं एवढं खरं. ‘तुझ्याच विमानानं आलो, अण्णा’ — पाच शब्दसुद्धा नाहीत.

मी म्हणालो, “परवाच आलो. गाडीनं.”

अण्णा म्हणाला, “बरं केलंस.” आणि बाजूच्याला सरकायला सांगून मला जागा करून दिली.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. आजतागायत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. ती अजून माझ्या बायकोला फोनवर विचारते, त्या टायमाला इमानात भावजींची गाठ पडली न्हाई व्हय, मी भाकरी बांधल्या हुत्या.

मागच्या वर्षी अण्णा वरंगळची खोली बंद करून गावी आला. डोळ्यांत मोतीबिंदू. दर महिन्याला सांगलीला डॉक्टरकडे येतो आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे डोकावतो. बायकोशी बोलतो, नातवाच्या हातावर खाऊ ठेवतो. माझी चौकशी करतो, नीट करतो. पण पान वाढलं की उठतो. “आत्ताच खाल्लं बगा.” बारा वाजता आला तरी, दोन वाजता आला तरी. जो माणूस सोबत मिळेपर्यंत उपाशी बसायचा, तो.

एकदा मी दवाखान्यावरून गाडीनं चाललो होतो. बाहेरच्या कट्ट्यावर अण्णा बसला होता. मांडीवर फडकं. एकटाच खात होता. मी काच वर केली आणि सिग्नल सुटायची वाट बघितली.

परवा जावई गेल्यावर बायकोनं विचारलं, “अण्णा आपल्याकडे जेवत का नाहीत हो? मी काही वावगं बोलले का कधी?” सहा महिने बिचारी ते मनात धरून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी म्हणालो, त्यांना पथ्य आहे.

जावयांनी तिकीट काढलंय, पुढच्या रांगेचं. उद्या अण्णाची सांगलीची खेप आहे, बायकोनं त्याच्यासाठी चटणी वाटून ठेवलीय. तो जेवणार नाही. तिला वाटेल, तिचं चुकलं.