ठाणेदाराला टाकी केवढी?

किस्से कसे साचतात हे पाहायचे असेल तर आमच्या भागातल्या कूलरची टाकी पाहावी. पाणी रोज बदलले तरी उन्हाळा सरता सरता तळाशी पांढरा थर बसतोच, आणि तो घासून निघत नाही. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे येथील आमच्या सकाळच्या बैठकीत असाच एक थर एका माशाने बसवला. मासा बोटाएवढा. प्रश्न एवढाच, की त्याला टाकी केवढी घ्यावी!

बैठकीत आम्ही चौघे. देवराव हे वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. पत्नीच्या पश्चात घरात एकटे. त्यांच्या भिंतीला भिंत लागून सुलोचनाबाई राहतात. त्या निवृत्त परिचारिका. रामटेके साहेबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, हिंगणीजवळच्या बोर धरणावर गेली. चौथा मी. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे सर्व शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये काम केले, तरी मंडळी मला 'मास्तर' म्हणतात. मी हरकत घेत नाही.

मासा देवरावांचा. त्यांची पुण्याची मुलगी वैशाली हिने बाबांना सोबत म्हणून आणून दिलेला. बेट्टा जातीचा, दुकानदार ज्याला फायटर म्हणतात तो. निळा, झुपकेदार शेपटीचा. कोणी जवळ गेले की कल्ले फुगवून अंगावर येई, म्हणून देवरावांनी त्याचे नाव ठेवले ठाणेदार!

*

देवरावांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला नेण्याचा दिवस आला. वैशालीने सर्वांसमक्ष सांगून टाकले, "ऑपरेशन झालं की बाबांना मी पुण्यालाच घेऊन जाणार. हे घर बंद करायचं."

 देवरावांनी ठाणेदाराचे काचेचे वाटोळे भांडे माझ्या हाती दिले. पेढ्यांच्या बरणीहून ते फार मोठे नव्हते.

"सांभाळजा, मास्तर. अन् याले काही झालं, तं मले फोनवर सांगू नका."

गाडी गेली. आम्ही तिघे त्या भांड्याकडे पाहत उभे राहिलो. देवराव परत यायचे होते, पण राहायला नव्हे. केवळ कुलूप लावायला.

*

मी त्याच दिवशी वाचनालय गाठले. माशांवरचे जे मिळाले ते वाचले आणि निष्कर्ष मांडला: बेट्टा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, म्हणून थोड्या पाण्यात तग धरतो, परंतु तग धरणे म्हणजे नांदणे नव्हे. त्याला किमान वीस लिटर पाणी हवे.

"एवढंच न?" असे म्हणून सुलोचनाबाईंनी घरातला लग्नकार्याचा मोठा स्टीलचा गंज, म्हणजे पातेले, काढला. चिंचेने घासून आरशासारखा लख्ख केला. आदल्या दिवशी भरून ठेवलेले पाणी त्यात ओतले आणि ठाणेदाराला सोडले.

ठाणेदाराने समोर पाहिले, तो दुसरा ठाणेदार! कल्ले फुगवून त्याच्यावर धावला. मागे वळला, तर तिसरा! सकाळपासून दुपारपर्यंत हा मासा गंजाच्या चारी बाजूंशी लढत होता. दाण्याला तोंड लावीना.

रामटेके साहेब डोकावून म्हणाले, "हा कोनाशी भांडून राह्यला?"

मी म्हणालो, "स्वतःशीच."

सुलोचनाबाई म्हणाल्या, "मंग रिटायर झाला असन!"

*

दुसरा प्रयोग रामटेके साहेबांचा. आमच्याकडे आरोग्य खात्याची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांमध्ये गप्पी मासे सोडून जातात. तेव्हा मासा आणि टाकी म्हटले की साहेबांना कूलरच आठवला. त्यांचा कूलर मोठा. टाकीत पाणीही भरपूर. त्यांनी ठाणेदाराला अलगद आत सोडले आणि सवयीप्रमाणे बटण दाबले!

गप्पी चपळ असतो. याची शेपटी म्हणजे नवरीचा शालू. पंपाने पाणी ओढताच ठाणेदार जाळीला जाऊन चिकटला. सुलोचनाबाईंनी धावत जाऊन तारच उपसली.

"साहेब, जीव घेता का त्याचा? खबरदार कूलर लावला तं!"

नवी टाकी येईपर्यंत रामटेके साहेब त्या उन्हात बनियनवर बसून राहिले. त्यांच्या सौभाग्यवती आल्या-गेल्यास सांगत, "आमच्या घरी कूलर माशाले, अन् हातपंखा मले!"

*

अखेर आम्ही वर्ध्याच्या बाजारात टाकी घ्यायला गेलो. दुकानदाराने उंच, अरुंद, दिव्यांची टाकी काढली. मी ती नाकारली. पृष्ठभागावर येऊन श्वास घेणाऱ्या प्राण्याला उंची नव्हे, पसारा हवा, असे मी त्याला विस्ताराने सांगितले.

"काका, मासे किती हायेत?"

"एकच."

"मंग वऱ्हाड उतरवाले जागा पाहून राह्यल्यासारखं काऊन करून राह्यले?"

इतक्यात माझा फोन वाजला. नागपुरातून देवराव! टाकी घ्यायला जातोय हे मी त्यांना सकाळीच कळवले होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या चालू होत्या. आवाज अगदी खालचा.

"मास्तर, टाकी मोठी घेजा."

"वीस लिटरची पुरेशी आहे, देवराव."

"पुरन, पन तिच्याहून मोठी घ्या. दोघायनं उचलली नाई पायजे, अशी घ्या."

"जड टाकीचा माशाला काय उपयोग?"

"तुमी लई वाचता, मास्तर. आता ऐका."

रुग्णाशी वाद घालू नये. आम्ही जाड काचेची, चांगली लांबरुंद टाकी घेतली. ती देवरावांच्या पुढच्या खोलीतल्या ओट्यावर ठेवली. तळाशी गोटे, कोपऱ्यात पाणवनस्पती आणि अगदी हळू पाणी गाळणारे एक लहानसे यंत्र. ठाणेदार एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे पोहत गेला. इतक्या दिवसांत तो सरळ रेषेत पोहलेला मी प्रथमच पाहिला.

*

तरी एक चूक झालीच. टाकी भरण्याचे काम रामटेके साहेबांकडे होते. त्यांनी ती काठोकाठ भरली.

मी म्हणालो, "थोडी रिकामी ठेवा. हा मासा उडी मारतो."

"मास्तर, धरनाच्या मानसाले सांगता? शंभर टक्के साठा पाह्यला का जीवाले बरं वाटते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाबाई दार उघडून आत गेल्या. ठाणेदार फरशीवर पडलेला! तोच दिवस देवरावांच्या शस्त्रक्रियेचा.

बाईंनी हात ओला केला, त्याला तळव्यावर घेतले आणि पाण्यात सोडले. तो एका कुशीवर तळाला गेला. आम्ही तिघे टाकीभोवती बसलो. चहा झाला नाही. साहेब मुकाट्याने मगाने पाणी उपसत होते. मग सुलोचनाबाईंची पापड वाळवण्याची जाळी टाकीवर झाकण म्हणून बसली.

दुपारी ठाणेदार हलला. वाकडातिकडा वर आला आणि त्याने हवेचा एक घोट घेतला. काही वेळाने नागपूरहून वैशालीचा फोन आला. रडत होती, पण हसूही फुटत होते.

"काका, बाबांनी डोळे उघडले!"

सुलोचनाबाई माझ्या हातातला फोन ओढून म्हणाल्या, "बाई, इकडं बी उघडले!"

माशाला पापण्या नसतात, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी मी ते कोणास सांगितले नाही.

*

देवराव घरी आले. वाळले होते, परंतु आपल्या पायांनी चालत आले. वैशालीने बॅगा भरल्या. गाडी दारात उभी.

"चला बाबा. ठाणेदाराला बरणीत घेऊ."

देवराव खुर्चीत बसले. "बरनीत नाई राहात तो. मास्तरले विचार."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी जे वाचले होते ते क्रमाने सांगितले. लहान भांडे का वर्ज्य, गंजात काय झाले, कूलरमध्ये काय झाले, पाण्यात एकाएकी बदल झाला तर काय होते. एक शब्द वाढवला नाही. एक शब्द वगळला नाही.

"मग टाकीच नेऊ," वैशाली म्हणाली आणि तिने ड्रायव्हरला हाक मारली. दोघांनी दोन्ही बाजू धरल्या. जोर लावला. टाकीतले पाणीसुद्धा हलले नाही.

रामटेके साहेब पुढे सरसावले. "अरे, पानी उपसून घेतलं का..."

सुलोचनाबाईंनी चहाचा कप त्यांच्या तोंडाला लावला. "घ्या साहेब, चहा घ्या. गरम हाय. बोलू नका."

वैशालीने टाकीकडे पाहिले, साहेबांच्या भाजलेल्या तोंडाकडे पाहिले, मग सुलोचनाबाईंकडे.

"रोज बीपी कोण पाहणार बाबांचं?"

"भिंतीपलीकडं मी काय लोनचं घालाले बसली हावो का?"

वैशालीने खांद्यावरची बॅग हळूच खाली ठेवली. "बाबा, एका माशाला एवढी मोठी टाकी घ्यायला सांगितली कोणी?"

देवरावांनी जाळी बाजूला सारली, एक दाणा पाण्यावर टाकला आणि म्हणाले,

"ठाणेदारानं!"