मागून वाजणारा हॉर्न

अकोल्यात हॉर्न वाजवायला कारण लागत नाही. पुढे गाडी असेल तर वाजवतात, नसेल तरी वाजवतात, पानठेल्यावर कुणी ओळखीचं दिसलं तर नमस्काराऐवजी वाजवतात. मी जुन्या शहरात राहते, मोर्णा नदीच्या पलीकडच्या शाळेत गणित शिकवते आणि पंधरा वर्षं सायकलनं जाते-येते. त्यात माझा स्वभाव तापट. नवरा म्हणतो, "तू अपघातानं नाही, भांडणानं जाशील एखाद्या दिवशी." तो वकील आहे. भांडणांवरच आमचं घर चालतं, त्यामुळे मी ते फारसं मनावर घेत नाही.

सायकल शिकले माहेरी, धामणगावला. घरात स्कूटर आहे, पण तिच्यावर बसलं की शाळा पाच मिनिटांत येते आणि मला तेच नको असतं. सायकलवरची वीस मिनिटं माझी असतात. त्यात कुणी डबा मागत नाही, कुणी गृहपाठ दाखवत नाही, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ होत नाही. दिवसातला एवढाच वेळ मी कुणाचीच कुणी नसते. हे मी घरात कधी बोलले नाही, पण नवऱ्याला ते कळत असावं, कारण पहिल्यांदा पडले तेव्हा त्यानं सायकल लगेच विकली नाही.

तेव्हा उभ्या कारचं दार अचानक उघडलं होतं. मी दारावर आदळले, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यानं अट घातली, "यापुढे एकदा जरी काही झालं, तर सायकल भंगारात." मी मान्य केलं. वकिलाशी तोंडी करार करू नये हे तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर मी सायकल नव्यानं शिकले म्हणा ना. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहायचं. रस्त्याच्या अगदी कडेनं जायचं नाही, कारण कडेला डांबर तुटलेलं असतं आणि कडेनं जाणाऱ्याला लोक आणखी कडेला ढकलतात. वळायच्या आधी हात बाहेर काढायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागून हॉर्न वाजला तर वळून पाहायचं नाही, सरळ रेषेत चालवत राहायचं, कारण वळून पाहिलं की हँडल डगमगतं. शेवटचा नियम मला फारच आवडला. माझ्या स्वभावाला तो शोभून दिसायचा.

ही गोष्ट एप्रिलमधली. सकाळची शाळा सुरू होती, म्हणजे परतताना ऐन दुपार. आमच्याकडच्या उन्हात बाहेर पडायची एक रीत आहे. पर्समध्ये कांदा ठेवायचा आणि मोठा सुती दुपट्टा डोक्यावरून, कानांवरून, गळ्याभोवती असा आवळायचा की फक्त डोळे दिसावेत. आधी कान झाकायचे, कारण ऊन कानातून लागतं असं लहानपणापासून ऐकलेलं. शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही सगळ्या बाया ओळखू येत नाही अशा होतो. त्या दिवशी मी घाईत दुपट्टा गुंडाळला आणि त्याचं एक टोक पाठीवर तसंच मोकळं सोडलं.

पुलावर चढले आणि मागून हॉर्न सुरू झाला. ऑटोचा, चिरका. दुपट्ट्यातून दबका येत होता, पण येत होता. एकदा, दोनदा, मग सलग. सकाळीच एका कारवाल्याशी माझं वाजलं होतं, डोकं अजून तापलेलंच होतं. मनात म्हटलं, वाजव बाबा, हात दुखेपर्यंत वाजव. आणि मी मुद्दाम वेग कमी केला. मग त्याच्या मागून ट्रकचा भोंगा, आणखी कुणाची मोटारसायकल, कुणीतरी ओरडतंय. अख्खा पूल माझ्या अंगावर आल्यासारखा वाटत होता आणि मी राणीसारखी सरळ रेषेत चालले होते.

पूल संपला, रस्ता रुंद झाला, तसा तो ऑटो पुढे गेला आणि माझ्यासमोर आडवा उभा राहिला. मी ब्रेक दाबून पाय टेकले. तोंडात वाक्यं तयार होती.

पन्नाशीचा माणूस उतरला, त्याच्याही डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "बाई, पूल सुरू झाला तवापासून हॉर्न मारून राहिलो मी! मांगं काहून पाहत नाई तुमी?"

"का पाहू? रस्ता काय तुमच्या एकट्याचा..."

"दुपट्टा पाहा तुमचा. चाकात चालला."

मी मागे पाहिलं. पाठीवरचं टोक मागच्या चाकाच्या आऱ्यांपर्यंत गेलं होतं. काळं झालेलं, एका जागी फाटलेलं. एकदा आऱ्यात सापडून ते सुटलं असणार. दुसऱ्यांदा सुटलं नसतं, आणि दुसरं टोक माझ्या गळ्याभोवती होतं. माझ्या सायकलला मागच्या चाकावर जाळी होती, लेडीज सायकलला असते तशी. खडखड करते म्हणून मीच ती काढून माळ्यावर टाकली होती.

ऑटोतून एक म्हातारी उतरली. "माय वं! गळ्यातलं सोड आंधी ते," म्हणत तिनंच माझा दुपट्टा सोडवला. मी फुटपाथवर बसले. पर्स उपडी झाली, कांदा घरंगळला, तो तिनं उचलून परत पर्समध्ये घातला.

"पुढं येऊन सांगणार होतो," ऑटोवाला म्हणाला, "पण मांगून ट्रक येऊन राहिला होता. मी बाजूले झालो असतो तं तो तुमच्या अंगावरच आला असता. मंग म्हटलं, राहू मांगंच."

म्हणजे मागचे सगळे भोंगे, शिव्या, आरडाओरडा माझ्यासाठी नव्हताच. तो त्याच्यासाठी होता. अख्ख्या पुलावर तो माझ्या मागे आड येऊन चालला होता आणि माझ्या वाट्याच्या शिव्या खात होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"मला ऐकू आलं होतं," मी म्हणाले.

तो हसला. "मंग पाहाचं न, बाई." म्हातारीला उशीर होत होता. ती बसली, ऑटो गेला.

घरी येऊन दुपट्टा बादलीत भिजवला. चेनचं काळं निघेना. मी पडले नव्हते, खरचटलंही नव्हतं, कुणी ओळखीच्यानं पाहिलं नव्हतं. करार मोडला नाही असं म्हणता आलं असतं. दुपारभर मी तेच म्हणत बसले होते. सांगितलं तर सायकल जाणार होती आणि तिच्याबरोबर माझी वीस मिनिटं. संध्याकाळी नवरा कोर्टातून आला, चहा घेतला, आणि मी सगळं सांगून टाकलं. वेग मुद्दाम कमी केला, तेसुद्धा.

त्यानं ओला दुपट्टा पिळून बघितला. फाटलेल्या जागेतून बोट घातलं.

"जाळी कुठे आहे?"

"माळ्यावर."

त्यानं स्टूल घेतलं, जाळी खाली काढली, फडक्यानं पुसली.

"म्हणजे सायकल ठेवायची?" मी विचारलं.

"लपवलं असतंस आणि मला कळलं असतं, तर घातली असती भंगारात. उद्यापासून जाळी लावायची, आरसा लावायचा, कान उघडे ठेवायचे. आणि हॉर्न वाजला की पाहायचं."

"प्रत्येक वेळी? इथे?"

"प्रत्येक वेळी." मग म्हणाला, "त्याचं नाव विचारलंस?"

"नाही."

"ऑटोचा नंबर?"

मी मान हलवली.

"आभार तरी मानलेस?"

त्याचंही उत्तर मान हलवूनच द्यावं लागलं. त्याच्या उलटतपासणीत मी कधी इतकी वाईट हरले नव्हते. मग मला रडू आलं, आणि तो जाळी हातात घेऊन तसाच शेजारी बसून राहिला.

आता जाळी खडखडते, खडखडू दे. डोक्याला टोपी आणि दुपट्टा, दोन्ही टोकं पदरासारखी कमरेला खोचलेली, कान उघडे. ऊन लागलं नाही अजून. मागून हॉर्न वाजला की पाय ढिले सोडते, आरशात बघते, हँडल सरळ धरून क्षणभर मान वळवते. बहुतेक वेळा कुणी नुसता घाईतला असतो. मी हात दाखवून त्याला पुढे काढते. काही जण जाताना हात वर करतात. पूर्वीही करत असतील, मला दिसत नव्हते.

राग मात्र गेलेला नाही. हॉर्न वाजला की आधी तोच येतो. मग वाटतं, तो ऑटोवाला असेल. आणि मी वळून पाहते.