गोष्टीतली पोट्टी कोणत्या काठची?

भाव पडला की आमच्याकडे कापूस घरातच साचतो. पलंगाखाली कापूस, माळ्यावर कापूस, देवघराच्या दारातही कापूस. गोष्टींचंही तसंच आहे. पांढुर्ण्यात गोष्टींना भाव असा कधी नव्हताच, त्यामुळे त्या साचतच गेल्या. आता एकीला हात घातला की चार अंगावर येतात, आणि त्या चारही एकमेकींशी भांडत असतात!

त्या साचतात कुठे? तर वामनरावांच्या संत्रा मंडीत. संध्याकाळी रिकामे कॅरेट उलटे टाकून आम्ही तिघं बसतो. वामनराव संत्र्याचे व्यापारी, त्यांना कशाचीच शंका नसते. देशमुख सर सौसरचे, त्यांना सगळ्याचीच शंका असते. आणि मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे दोघंही मलाच धरतात.

गेल्या वर्षी एका गोष्टीनं मात्र माझी झोप उडवली.

*

माझी मुलगी प्रांजली सौसरला बँकेत आहे. तिथेच सावरगावचा निखिल. सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडे, आमच्या गच्चीवरून त्यांच्या गच्चीवरचे कपडे दिसतात. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, घरच्यांनी मान डोलावली, पाहुणे आले, पोहे झाले. सगळं कसं गोडीगुलाबीत चाललं होतं.

निखिलचे आजोबा, आबाजी, तोवर पोहे खाण्यातच होते. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "गुरुजी, गोटमारच्या गोष्टीतली पोट्टी कोणत्या गावची होती?"

आता गोटमार आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते. नदीत पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दोन गावं एकमेकांना दगड मारतात. डोकी फुटतात, जीवही गेलेत. मला तो प्रकार अजिबात आवडत नाही, आणि दरवर्षी पाहायला जातो तो मीच! गोष्ट अशी की, एका गावच्या पोरानं दुसऱ्या गावची पोरगी पळवली, नदीत दोघं सापडली, दोन्हीकडून दगड आले, दोघं तिथेच गेली.

मी वर्गात सांगतो तसं सांगून टाकलं, "पोरगी सावरगावची, पोरगा पांढुर्ण्याचा."

"उलटं," आबाजी म्हणाले. "पोट्टी पांढुर्ण्याची. आमच्याकडं येऊन राहिली होती, नदीच्या मधातच गेली. म्हणून आमच्या घरात पांढुर्ण्याची सून आणत नाही. तुम्ही शिकले-सवरलेले हा, दाखवा तुमचं खरं करून. मग बोलू."

आणि उठले. प्रांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

बायको तेवढ्यात आतून म्हणाली, "अहो, मी सावरगावचीच ना? तुमची गोष्ट खरी असंल तर मी इतके वर्ष नदीतच राहिली का?"

*

वामनरावांनी प्रश्न तिथल्या तिथे निकालात काढला.

"पोट्टी-बिट्टी काही नव्हती! गोंड राजाची अन् भोसल्याची फौज. दारूगोळा सरला म्हणून दगड मारले. झालं. आता पोट्टीच नाही, तर लग्न कायले अडते?"

मला पटलं नाही, पण बुडत्याला काडीचा आधार. मी आबाजींकडे गेलो आणि फौजेची हकिकत अगदी रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फौज गेली का?"

"गेली."

"राजा गेला का?"

"गेला."

"मंग आपण अजून कायले मारून राहिलो दगड?"

याचं उत्तर इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकात नसावं.

*

देशमुख सर म्हणाले, "पांढुर्ण्यात विचाराल तर पांढुर्ण्याचंच ऐकाल. तिसऱ्या जागी चला." आणि मला जामसावळीला घेऊन गेले. सौसरजवळ आहे. तिथला मारुती झोपलेला आहे, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत.

दर्शन झालं. पिंपळाखाली एक म्हातारेबुवा बसले होते. मी गोटमारचं विचारलं, तर ते मारुतीचंच सांगू लागले. "देव आधी उभा होता. खाली धन होतं. चोर आले, म्हणून देव आडवा झाला. आता काढा म्हणे धन!"

शेजारी नारळवाला होता. तो म्हणाला, "धन-बिन काही नाही. देव थकला होता."

फुलं विकणाऱ्या बाईंनी दोघांनाही झटकलं. "कोणी सांगतलं उभा होता म्हणून? थो आधीपासूनच झोपला हाय. उभा होता हे पांढुर्ण्यावाल्यायनं काढलं!"

परतताना मोटरसायकलवर देशमुख सर मागे वळून म्हणाले, "सर, इथं देव समोर हाय, तरी उभा होता का झोपलेला ते ठरून नाही राहिलं. तुमची पोट्टी तर कोणी पाहिलीच नाही!"

*

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून कॅमेरे घेऊन पुष्कळ लोक येतात. असाच एक जण भोपाळहून आला. मला वाटलं, हा अभ्यास करून आला असेल, यालाच विचारावं. त्याला वाटलं, मी सांगेन! अर्धा तास आम्ही एकमेकांना "आप बताइए" म्हणत बसलो.

शेवटी त्यानं वेगळंच विचारलं. "आप लोग एमपी के हो, पर बोलते मराठी हो. आखिर आप हो कौन?"

वामनराव कॅरेटवरून उठले. "हे पहा साहेब, सीमेपलीकडं नरखेडच्या पुढं गेलो की लोक म्हणतात हिंदीवाले आले. इकडं एमपीत तिगावच्या पुढं गेलो की म्हणतात मराठी आले. मधात जे हाय, थे आम्ही!"

भोपाळचा माणूस इतका गोंधळला, की गोटमारचं विचारायचं विसरूनच गेला. मीही विसरलो.

*

गोटमारच्या सकाळी दरवर्षी माझ्या साळ्याचा सावरगावहून फोन येतो.

"भाऊजी, पुलाच्या खालतं उभे नका राहू आज. मी तिकडंच मारून राहिलो."

केवढं प्रेम! संध्याकाळी हाच माणूस डोक्याला पट्टी बांधून बहिणीकडे जेवायला येतो आणि जेवता जेवता तक्रार करतो, की पांढुर्ण्यावाल्यांचे नेम पहिल्यासारखे राहिले नाहीत. बायको वाढता वाढता दोन्ही गावांचा उद्धार करते.

त्यालाही मी विचारलं होतं. तो म्हणाला, "पोट्टा आमचा, पोट्टी तुमची." मंडीत विचारलं, तर सगळे म्हणाले, "पोट्टा आपला, पोट्टी त्यायची." मी तर पार चक्रावलो. शेतात, चौकात, कटिंगच्या दुकानात, जिथे विचारावं तिथे तेच. काठ बदलला की पोरगीही बदलायची.

बायकोला मात्र यात काहीच अवघड वाटलं नाही. "त्यात काय एवढं? पोट्टा सगळ्यायले आपला पायजे. पोट्टी मात्र समोरच्यायची."

प्रांजली तिथेच पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "बाबा, आता कोणाले विचारू नका." आणि मग हळूच म्हणाली, "मले भीती वाटते, खरंच काही सापडलं तर." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

*

त्या वर्षीच्या पोळ्यानंतरची गोटमार.

दिवसभर दगड चालले. दुपार टळल्यावर दोन्हीकडच्या मोठ्यांनी समजुतीनं घेतलं, झेंडा निघाला, चंडीमातेच्या देवळाकडे गेला. खेळ संपला. दोन्ही काठ मात्र माणसांनी भरलेलेच होते, आणि काही पोरांच्या हातात अजून दगड होते. एकदा हातात आलेला दगड लवकर सुटत नाही.

मी देवळापाशी होतो. वामनराव धापा टाकत आले. "सर, तुमची पोट्टी नदीत हाय!"

कसा पळालो ते माझं मला ठाऊक. काठावर पोचलो तर खरंच, गुडघाभर पाण्यात प्रांजली उभी. तिचं मनगट आबाजींनी धरलेलं. म्हातारा निखिलच्या गाडीवर बसून पुलावरून आमच्या घरी आला होता, आणि "चाल माझ्यासंग, कोण दगड मारते ते पाहू" एवढंच बोलून तिला घेऊन निघाला होता. जाताना पूल सोडून सरळ पाण्यात उतरला. निखिल मागे चपला हातात घेऊन उभा, बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"तू जाऊ कशी दिली?" मी बायकोवर ओरडलो.

"तिनं मले विचारलं कुठं?"

दोघं झाड रोवलेल्या जागेपर्यंत गेली आणि थांबली. प्रांजलीचा पाय शेवाळावर सरकला, तिनं आबाजींना धरलं, आबाजींनी तिला धरलं. माझ्या शेजारच्या पोराच्या हातात दगड होता. मी तो दगडासकट हात घट्ट धरून ठेवला. असा घाबरलो मी आयुष्यात कधी नव्हतो.

पुलावर बंदोबस्ताचा हवालदार होता, बाहेरगावचा. दिवसभर त्यानं हेच काम केलं होतं. इकडच्यांना इकडे ठेवायचं, तिकडच्यांना तिकडे. त्यानं भोंगा तोंडाला लावला.

"ओ बाबा! बीच में क्यों खडे हो? लडकी किधर की है? जिधर की है, उधर ले जाओ!"

आबाजी आणि प्रांजली पायाखालचा दगड चाचपत राहिली.

"अरे कोई तो बोलो! किसकी लडकी है?"

"आमची हाय!" सावरगावच्या काठावरून आवाज आला. माझ्या साळ्याचा होता. मग त्याच्यामागून सगळा काठ ओरडला.

"आमची हाय!" आमचा काठ त्याहून मोठ्यानं ओरडला. वामनराव तर टाचा उंच करून ओरडत होते.

हवालदारानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि भोंगा खाली ठेवला.