दोन नंबरचा रिमोट

अन्याय माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीवर झाला. १९९४ च्या गणपतीत, पाचव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. सगळ्यांच्या देखत झाला. करणारा तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो मीच.

कोणावर, कधी, कुठे, अशी सुरुवात करायची खोड मला पत्रकं लिहून लागली. दोन वर्षं झाली, पत्रकंच लिहितोय. टँकरच्या पाण्यावर, मैदानाच्या जागेवर, बंद पडलेल्या पथदिव्यांवर. दोषी नेहमी समोरचा असतो, त्यामुळे हात सरसर चालतो. या वेळी चालत नाही.

तो व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. टीव्हीला जोडायचा एक डबा, वर कॅसेट खुपसायची, आणि वायरचे दोन रिमोट. आम्ही रिमोटच म्हणायचो. दोन्हींवर डावीकडे अधिकचं चिन्ह, उजवीकडे मारायची बटणं. पण एक नंबरच्या रिमोटवर मधोमध आणखी दोन छोटी बटणं होती, त्यातलं एक स्टार्टचं. दोन नंबरच्या रिमोटवर त्या जागी नुसतं प्लास्टिक. म्हणजे दोन नंबरवाल्याला गेम चालू करता येत नसे, आणि मधेच थांबवताही येत नसे.

आमच्या घरात दोन नंबर ताईचा होता. कोणी ठरवलं नव्हतं. बाबांनी डबा माझ्या वाढदिवसाला आणला, एवढंच. खेळ ऐन रंगात आला की आई आतून हाक मारायची, "अगं, दूध बघ गं!" ताई म्हणायची, "थांबव ना रे दोन मिनिटं." मी थांबवायचो नाही. ती गॅसपाशी जायची, आणि तिचा माणूस टीव्हीत हात खाली सोडून उभा राहून मार खायचा. परत येऊन उरलेल्या जिवावर ती मला हरवायची. तेव्हा मला ते मजेशीर वाटायचं.

लोक आता त्या गेमची आठवण काढून डोळे ओले करतात. मला कंटाळा येतो त्याचा. कॅसेटवर नऊशे नव्याण्णव गेम लिहिलेले असायचे, आत निघायचे सात. तेच सात, कपड्यांचे रंग बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेटमध्ये फुंकर मारून थुंकी उडायची, अडॅप्टर तापून प्लास्टिक जळल्याचा वास यायचा. सगळी फसवणूक होती आणि आम्ही खूश होतो. एक गोष्ट मात्र खरी होती. तीन जीव मिळायचे, ते गेले की गेले.

तर गणपती. मंडळाने त्या वर्षी व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली, कराटेच्या गेमची. नाव ताईनेही दिलं. मुलींमध्ये ती एकटीच. आमच्या मजल्यावरचे सेक्रेटरी काका पंच होते. दर फेरीनंतर रिमोटची अदलाबदल, हा नियम त्यांचाच. फायनलला ताई आणि मी समोरासमोर आलो, तसे काका हसले.

"अरे, भावंडंच की तुम्ही! कशाला अदलाबदल? घरी बसता तसे बसा."

घरी बसायचो तसे बसलो. एक फेरी तिची, एक माझी. शेवटच्या फेरीत माझा जीव टिचभर उरला होता. ताईच्या माणसाने उडी मारली, तो वर असतानाच मी स्टार्ट दाबलं. चित्र गोठलं. पुन्हा दाबलं. कधी दाबणार ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. तिची लाथ हुकली, माझी बसली, आणि माझा माणूस जिंकला.

"पॉज कोणी मारला?" ताई म्हणाली.

"हात लागला."

"हात नाही लागत. मधे आहे ते बटण. अंगठा न्यावा लागतो तिथे."

मागे बसलेली पोरं ओरडायला लागली. "रडी! रडी! रडीचा डाव, खडी!"

"जाऊ दे गं," काका म्हणाले. "धाकटा आहे. त्याला हरवून काय मिळणार तुला?"

ताईने रिमोट खाली ठेवला, वायरची गुंडाळी केली आणि निघून गेली. मला स्टीलचा डबा मिळाला. ती पुन्हा कधी खेळायला बसली नाही. पुढच्या वर्षी बोर्डावर नोटीस लागली: व्हिडिओ गेम, फक्त मुलांसाठी. कारण विचारलं तर म्हणे, गेल्या साली भांडण झालं. मुलींना रांगोळी. तेव्हापासून दर वर्षी तेच.

वाशीच्या एका मित्राकडे आता सीडीवाला गेम आहे. चित्र सुरेख, गोष्ट लांबलचक. चालू व्हायलाच इतका वेळ लावतो की चहा होतो. त्याच्या मेमरी कार्डात खेळलेलं सगळं जपून ठेवता येतं, चुकलं की मागे जायचं आणि चुकलंच नव्हतं असं धरून पुढे खेळायचं. ते मला पटत नाही. पण दोन्ही रिमोट सारखे आहेत, हे मात्र मानलं. मागच्या महिन्यात एका रविवारी तिथे बसलो होतो. आम्ही चार पोरं. मित्राची बहीण पोहे ठेवून गेली. "तिला नाही आवडत," तो म्हणाला. तिला कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्याच रविवारी ताईला सांगितलं. ती तुर्भ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

"ताई, तो पॉज मी मुद्दाम मारला होता."

"माहितीये. अंगठा बघितला होता मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! हॉलभर लोकांसमोर बोलले. तू काय बोललास?"

"सॉरी."

"त्या सॉरीचं काय करू मी? डब्यात नेऊ?" तिने कॉलर उलटी केली. "पहिल्या मजल्यावरची ती नऊ वर्षांची आहे ना, तिने परवा मला जिन्यात अडवलं. म्हणते, मी का नाही खेळायचं? पुढारी तू आहेस ना? तिला सांग. आणि ज्यांनी बोर्ड लावला त्यांना सांग."

गेलो. मंडळाच्या मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं की भांडण ताईमुळे झालं नाही, खोटं मी बोललो होतो, तेव्हा तो नियमच खोट्यावर उभा आहे. काका पोट धरून हसले.

"अरे बाबा, पाच वर्षं झाली! व्हिडिओ गेम तो! टँकरचं टेन्शन कमी पडलं का तुला? नोटीस छापून झालीये. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' मी पाण्यासाठी ऐकलं आहे, मैदानासाठी ऐकलं आहे. आता चीडही पूर्वीसारखी येत नाही, नुसता शीण येतो. खाली उतरलो आणि पेनने 'फक्त मुलांसाठी' खोडलं. संध्याकाळपर्यंत नवी प्रत लागली. तीही खोडली. सकाळी तिसरी होती. ती मुलगी शाळेचं दप्तर पाठीला लावून वाचत उभी होती. मला म्हणाली, "दादा, तुम्ही खोडलं तरी ते परत लावतात."

बरोबर बोलली. एकाचं खोडणं ही खोडी ठरते. म्हणून तुम्हाला सांगतोय. आज खाली उतरा. तुमच्या सोसायटीचा बोर्ड वाचा. तिथे हे दोन शब्द असतील तर खोडा, आणि खाली तुमचा फ्लॅट नंबर लिहा, म्हणजे कोणी खोडलं ते कळेल. मग वर जा आणि घरातल्या मुलीला विचारा, तुझं नाव देऊ का.